हाताने डॉकिंग : संगणकावरचा सराव आणि त्यामागचे भौतिकशास्त्र

पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरत असते. पृथ्वीवरून निघालेले यान तेवढाच वेग घेऊन त्याच्याजवळ पोहोचते, आणि शेवटी त्या दोघांमधला फरक सेकंदाला जेमतेम १० सेंटिमीटर उरतो. एवढ्या सावकाश ते एकमेकांना टेकतात आणि जोडले जातात. याला डॉकिंग म्हणतात. मराठीत जोडणी म्हणता येईल, पण आमच्या लॅबमध्ये सगळे डॉकिंगच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

मे २०२० मध्ये अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीने आपल्या ड्रॅगन यानातून पहिल्यांदा माणसे पाठवली. डग हर्ली आणि बॉब बेन्कन हे ते दोन अंतराळवीर. त्याच महिन्यात कंपनीने एक सिम्युलेटर सर्वांसाठी खुला केला. ड्रॅगनच्या पडद्यावर चालकाला जसे आकडे आणि जशी बटणे दिसतात, तशीच यात आहेत. पैसे लागत नाहीत आणि लॅबमधल्या जुन्या संगणकावरही तो चालतो. आमच्या कॉम्प्युटर क्लबला शनिवारच्या तासाला तो वापरायला मिळतो. नववी-दहावीच्या कॅडेट्सनी तो बराच चालवला आहे. त्यात भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले काय काय हाताला लागते, ते ज्युनियर मित्रांसाठी लिहितो आहे. थोडेसे पालकांसाठीही आहे, कारण ‘लॅबमध्ये गेम खेळतो’ असे फोनवर सांगितल्यावर पलीकडे जी शांतता पसरते ती आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

या खेळात शत्रू नाही आणि पळापळही नाही. समोर सुमारे २०० मीटरवर स्थानक दिसते. आपले यान थोडे तिरके आहे, थोडे बाजूला सरकलेले आहे, आणि खालीवरही बरोबर नाही. उजव्या हाताच्या बटणांनी यान जागच्या जागी वळवता येते. नाक वर-खाली करणे म्हणजे पिच, डावी-उजवीकडे वळवणे म्हणजे यॉ, आणि स्वतःच्या लांबीभोवती कलंडणे म्हणजे रोल. डाव्या हाताच्या बटणांनी यान न वळवता सरकवता येते : पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. एकूण सहा प्रकारच्या हालचाली. रशियाच्या सोयुझ यानातही अशीच वाटणी असते, डाव्या हाताला सरकवण्याचा दांडा आणि उजव्या हाताला वळवण्याचा. पडद्यावरचे हिरवे आकडे अजून किती दुरुस्ती बाकी आहे ते सांगतात आणि निळे आकडे ती किती वेगाने होते आहे ते सांगतात. मधले सगळे हिरवे आकडे ०.२ च्या आत असताना टेकलात तर डॉकिंग झाले.

वाचताना सोपे वाटते. आपली सवय मात्र जमिनीवरची असते.

सायकलचे पेडल मारणे थांबवले की सायकल आपोआप मंदावते. कॅरमवर सोंगटी मारली की ती काही अंतरावर थांबते. बोर्डावर पावडर जास्त पडली तर ती उशिरा थांबते, पण थांबतेच. अवकाशात घर्षण नाही, त्यामुळे दिलेला वेग तसाच राहतो. न्यूटनचा पहिला नियम आपण सगळ्यांनी पाठ केला आहे, पण तो पाठ असणे आणि बोटांना कळणे यात फार फरक आहे. उजवीकडे जाण्यासाठी बटण एकदा दाबले की यान उजवीकडे जातच राहते. दाबून धरण्याची गरज नसते, आणि सोडून दिल्याने काही थांबत नाही. प्रत्येक दाब ही उधारी आहे. तेवढाच उलटा दाब देऊनच ती फिटते. नवा मुलगा बसला की पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या नावावर अशा दहा-बारा उधाऱ्या जमा होतात, यान सहाही प्रकारांनी हलू लागते, आणि कोणती हालचाल कोणत्या दाबामुळे आली ते त्याला सांगता येत नाही.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. दाब तोंडाने मोजायचे. ‘उजवीकडे चार’ असे मोठ्याने म्हणायचे आणि थांबवताना ‘डावीकडे चार’ म्हणून हिशेब मिटवायचा. तासाला लॅबमध्ये थोडा बाजार भरल्यासारखे होते, पण उपयोग होतो.

आता हा उलटा दाब कधी द्यायचा, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा यान १२ मीटर डावीकडे आहे आणि एका दाबाने सेकंदाला ५ सेंटिमीटर वेग मिळतो. चार दाब दिले तर वेग सेकंदाला २० सेंटिमीटर, म्हणजे १२ मीटर सरकायला ६० सेकंद. आकडा शून्य झाला की उलटे चार दाब द्यायचे, असे पहिल्यांदा प्रत्येकाला वाटते. दर सेकंदाला एक दाब दिला तर काय होईल? पहिल्या उलट्या दाबानंतर वेग १५ सेंटिमीटर उरतो, दुसऱ्यानंतर १०, तिसऱ्यानंतर ५, आणि चौथ्यानंतर शून्य. या मधल्या तीन सेकंदांत यान १५ अधिक १० अधिक ५, म्हणजे ३० सेंटिमीटर पलीकडे गेलेले असते. खेळाची मर्यादा आहे ०.२ मीटर, म्हणजे २० सेंटिमीटर. शून्यावर थांबायला सुरुवात केली तर तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. मग उलटा फेरा सुरू होतो, तोही थोडा जास्त होतो, आणि यान झोपाळ्यासारखे इकडून तिकडे होत राहते. त्यावर उपाय असा की १ मीटर उरला असतानाच दोन उलटे दाब द्यायचे आणि उरलेले अंतर निम्म्या वेगाने जाऊ द्यायचे.

ड्रिलच्या मैदानावर ही गोष्ट आपण रोज करतो. ‘थम’ ऐकू आल्यावर कोणी आहे त्या पावलावर दगड होत नाही. ठरलेली पावले टाकून मगच थांबतो, आणि म्हणून उस्ताद हुकूम थोडा आधी देतात. स्क्वाड भिंतीपर्यंत पोहोचल्यावर ‘थम’ म्हणून चालत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी वळवायचे आणि मग सरकवायचे. यामागे दहावीचे त्रिकोणमिती आहे. ‘पुढे’ हे बटण यानाला त्याच्या नाकाच्या दिशेने ढकलते, स्थानकाच्या दिशेने नाही. नाक १० अंश तिरके असताना सेकंदाला १ मीटर वेग दिला, तर त्यातला साइन १०, म्हणजे ०.१७ मीटर वेग बाजूला जातो. स्थानकाकडचा वेग कोसाइन १०, म्हणजे ०.९८ मीटर राहतो, त्यामुळे पुढचा आकडा अगदी ठीक दिसतो आणि चालक निर्धास्त राहतो. १०० मीटर गेल्यावर यान जवळपास १७ मीटर बाजूला भरकटलेले असते. रोल, पिच आणि यॉ हे तिन्ही शून्यावर आणून, त्यांचे निळे आकडेही शून्य करून मगच डावा हात हलवायचा. ज्युनियर्सना हे सांगितले तरी पटत नाही, कारण समोर स्थानक दिसत असते आणि पुढे जायचे बटण बोटाखाली असते.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि माझ्या मते सगळ्या खेळाचा जीव इथे आहे. २०० मीटर अंतर किती वेळात कापायचे? सेकंदाला १० सेंटिमीटर या सुरक्षित वेगाने सुरुवातीपासून गेलो तर २००० सेकंद लागतील, म्हणजे ३३ मिनिटे २० सेकंद. आमचा तास ४० मिनिटांचा, त्यात हजेरी. २ मीटरच्या वेगाने १०० सेकंदांत पोहोचू, पण मग जे होईल त्याला डॉकिंग म्हणत नाहीत. उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे : जसे अंतर कमी होते तसा वेगही कमी करत जायचा. २०० पासून १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ मीटर, १०० पासून ५० पर्यंत अर्धा मीटर, ५० पासून २५ पर्यंत पाव मीटर. गंमत अशी की या तिन्ही टप्प्यांना प्रत्येकी बरोबर १०० सेकंदच लागतात, कारण अंतर आणि वेग दोन्ही निम्मे होतात. शेवटचे २५ मीटर १० सेंटिमीटरच्या वेगाने, म्हणजे २५० सेकंद. एकूण ५५० सेकंद, सव्वानऊ मिनिटांच्या आत. सगळ्यात जास्त वेळ सगळ्यात छोट्या अंतरावर जातो. तासात तीन प्रयत्न आरामात होतात.

वेग इतका का जपायचा, हे गतिज ऊर्जेच्या सूत्रावरून कळते. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे. ७ टनांचे यान सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने टेकले तर ऊर्जा ३५ ज्यूल. तेच यान ३ मीटरच्या वेगाने आले तर ३१,५०० ज्यूल. वेग ३० पट, ऊर्जा ९०० पट.

हे दोन आकडे मी हवेतून घेतलेले नाहीत. २५ जून १९९७ रोजी रशियाच्या मीर स्थानकावर असेच घडले. प्रोग्रेस एम-३४ हे सुमारे ७ टनांचे, माणूस नसलेले मालवाहू यान स्थानकापासून दूर नेले होते आणि ते हाताने परत आणून जोडायचे होते. स्वयंचलित यंत्रणा न वापरता हे जमते का, याची ती चाचणी होती. कमांडर वासिली त्सिब्लियेव मीरमध्ये बसून दोन दांड्यांनी प्रोग्रेस चालवत होते. समोर टीव्हीचा पडदा आणि त्यावर प्रोग्रेसच्या कॅमेऱ्यातून दिसणारे चित्र. म्हणजे आपण लॅबमध्ये जसे बसतो जवळपास तसेच, फक्त एक मोठा फरक होता. अंतर आणि वेग सांगणारे रडार बंद ठेवले होते. आपल्या पडद्यावर जे आकडे आयते मिळतात ते त्यांच्याकडे नव्हते. दुसरे अंतराळवीर अलेक्सांद्र लाझुत्किन खिडकीतून यान शोधत होते, म्हणजे हातातल्या लेझर यंत्राने अंतर मोजता आले असते, पण यान त्यांना फार उशिरा दिसले. प्रोग्रेस वरून येत होते, त्यामुळे कॅमेऱ्यात मीरच्या मागे पृथ्वी आणि ढग होते आणि त्यात स्थानक नीट उठून दिसत नव्हते.

यान जवळ आले तेव्हा वेग फार जास्त होता. ब्रेक लावणे सुरू होते, पण उशीर झाला होता. सेकंदाला सुमारे ३ मीटरच्या वेगाने प्रोग्रेस स्पेक्त्र नावाच्या भागावर आणि त्याच्या सौरपंखावर आदळले. स्पेक्त्रला भोक पडले आणि हवा बाहेर जाऊ लागली. तिसरे अंतराळवीर, अमेरिकेचे मायकेल फोल, सोयुझ यान तयार करण्यासाठी निघाले. पण स्पेक्त्रचे दार बंद करता येईना, कारण त्यातून केबल गेल्या होत्या. लाझुत्किन आणि फोल यांनी त्या काढल्या, काही कापल्या आणि दार झाकले, तेव्हा बाकीचे स्थानक वाचले. मात्र स्पेक्त्रच्या पंखांची वीज गेली आणि मीर अंधारात हळूहळू गोल फिरू लागले. फिरण्याचा वेग मोजायला काहीच चालू नव्हते. फोल यांनी खिडकीशी हात लांब करून अंगठा धरला आणि तारे त्यामागून किती वेगाने सरकतात ते पाहून अंदाज बांधला. त्यावरून सोयुझचे थ्रस्टर चालवून स्थानक सावरले.

इतका अनुभवी माणूस वेग ओळखू शकला नाही, हे पहिल्यांदा वाचल्यावर पटत नाही. म्हणून मी अंगठ्याचाच हिशेब करून पाहिला. हात लांब केल्यावर अंगठ्याची रुंदी डोळ्याला साधारण २ अंश दिसते. ४ मीटर रुंदीची वस्तू २०० मीटरवरून सुमारे १.१ अंश दिसते, म्हणजे अर्धा अंगठा. १०० मीटरवरून २.३ अंश, एक अंगठा. ५० मीटरवरून ४.६ अंश. १० मीटरवरून जवळजवळ २३ अंश. सेकंदाला ३ मीटर वेग असेल तर २०० पासून १०० मीटरपर्यंत यायला ३३ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात पडद्यावरचे चित्र फक्त अर्ध्या अंगठ्याचे एक अंगठा होते. शेवटचे १० मीटर मात्र सव्वातीन सेकंदांत संपतात आणि तेव्हा चित्र एकदम अंगावर येते. डोळा धोक्याची सूचना देतो, पण ती देईपर्यंत थांबायची वेळ निघून गेलेली असते. रेल्वे फाटकाजवळ उभे राहिलात तर दूरच्या गाडीबाबत हेच होते. बराच वेळ ती जागेवर उभी असल्यासारखी वाटते.

या अपघाताचा दोष एकट्या चालकावर टाकावा असे मला वाटत नाही. त्सिब्लियेव १० फेब्रुवारी १९९७ ला पृथ्वीवरून निघाले होते. म्हणजे जमिनीवरचा सराव होऊन चार महिन्यांहून जास्त काळ लोटला होता. मार्च महिन्यात अशाच एका प्रयत्नात कॅमेऱ्याचे चित्रच आले नव्हते आणि यान जवळून निघून गेले होते. तरी पुन्हा तीच चाचणी, तेही रडार बंद ठेवून. सुट्टीवरून परत आल्यावर पहिल्या दिवशी ऑब्स्टॅकल कोर्समध्ये आपले काय होते ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ती सुट्टी एक-दोन महिन्यांचीच असते.

याच्या उलट एक गोष्ट आहे, ती कमी लोकांना माहीत असते. एप्रिल १९८३ मध्ये सोयुझ टी-८ हे यान साल्युत-७ स्थानकाकडे निघाले. अंतर मोजणाऱ्या रडारचा अँटेना निकामी झाला होता. कमांडर व्लादिमिर तितोव्ह यांनी डोळ्याच्या अंदाजाने आणि जमिनीवरून मिळणाऱ्या माहितीवर यान जवळ नेले. तेवढ्यात दोघेही पृथ्वीच्या सावलीत गेले आणि अंधार झाला. वेग जास्त आहे असे वाटताच तितोव्ह यांनी यान स्थानकाखालून काढून नेले. पुन्हा प्रयत्न करण्याइतके इंधन उरले नाही आणि तिघे अंतराळवीर काही न जोडता घरी परतले. कागदावर ती मोहीम अयशस्वी आहे. मला ते या विषयातले फार चांगले उड्डाण वाटते. स्थानक शाबूत राहिले, आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८४ मध्ये, त्याच साल्युत-७ वर स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा पोहोचले. हे साल्युत १९८५ मध्ये पूर्ण बंद पडले. वीज नाही, रेडिओ नाही. तेव्हा व्लादिमिर झानिबेकोव्ह आणि विक्तोर साविनिख यांनी जूनमध्ये हाताने यान चालवून, लेझरने अंतर मोजत, त्या मुक्या स्थानकाला डॉकिंग केले आणि गोठलेले स्थानक पुन्हा चालू केले. समोरचे स्थानक उत्तरच देत नसेल तर स्वयंचलित यंत्रणा काही करू शकत नाही. आजची बहुतेक डॉकिंग आपोआप होतात, मग हाताने शिकायचे कशाला, असे क्लबमध्ये विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो.

आता सिम्युलेटरमध्ये काय नाही तेही सांगायला हवे, नाहीतर दहा वेळा डॉकिंग जमल्यावर आपण अंतराळवीर झालो असे वाटू लागते. सगळ्यात मोठी उणीव कक्षेची. खेळात यान कुठेही थांबवले की तिथेच राहते. खरोखर तसे होत नाही. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत फेरी लवकर पूर्ण होते, लांबच्या कक्षेत उशिरा. म्हणून स्थानकाच्या खाली किंवा वर थांबलेले यान हळूहळू सरकू लागते. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी सूत्र दिले, त्यावरून हिशेब केला : स्थानकाच्या ३० मीटर खाली अगदी स्थिर सोडलेले यान पाच मिनिटांत आणखी सुमारे ५ मीटर खाली गेलेले असते. कोणी हात न लावता. आपला सव्वानऊ मिनिटांचा प्रवास लक्षात घेतला तर हे थोडे नाही.

अंतर मोठे असले तर गोष्ट आणखी उलटी होते. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ चे चालक जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्यांनी नाक त्याच्याकडे केले आणि पुढे जोर लावला, म्हणजे आपण खेळात करतो तेच. पण पुढे जोर लावल्याने कक्षा उंच होते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि यान मागे पडते. बरेच इंधन जाळूनही ते जवळ पोहोचले नाहीत आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. पुढच्या डिसेंबरमध्ये जेमिनी-६ ने कक्षेचा हिशेब आधी करून जेमिनी-७ ला गाठले आणि मार्च १९६६ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी जेमिनी-८ मधून जगातले पहिले डॉकिंग केले. तेही हाताने.

खेळात इंधन संपत नाही, रात्र होत नाही, थ्रस्टर अडकत नाही. जेमिनी-८ मध्ये डॉकिंगनंतर थ्रस्टर अडकला होता आणि यान सेकंदाला जवळपास एक फेरी इतक्या वेगाने गरगरू लागले होते. आणि आपण चुकलो तर पुन्हा सुरू करायचे बटण आहे. मीरवर तसले बटण नव्हते.

तरीही जे शिकायला मिळते ते खोटे नाही. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० ने स्पेडेक्सची दोन याने सोडली. प्रत्येकी सुमारे २२० किलोची. त्यांचे डॉकिंग स्वयंचलित होते, पण पद्धत तीच, टप्प्याटप्प्याने येऊन मध्ये थांबण्याची. एका टप्प्यात अपेक्षेपेक्षा जास्त सरकणे दिसले तेव्हा इस्रोने डॉकिंग पुढे ढकलले. १२ जानेवारीला याने १५ मीटरपर्यंत, मग ३ मीटरपर्यंत आणून पुन्हा दूर नेली. ३ मीटरवरून माघार! त्या रात्री आमच्या हाउसमध्ये बातमी वाचून बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला होता. १६ जानेवारी २०२५ ला डॉकिंग झाले आणि अमेरिका, रशिया, चीन यांच्यानंतर भारत चौथा देश ठरला. टेकताना ठरवलेला वेग सेकंदाला १० मिलिमीटर होता, म्हणजे आपल्या खेळातल्या शेवटच्या टप्प्याच्याही दहावा भाग.

त्याच वर्षी २६ जूनला ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला ड्रॅगनमधून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर पोहोचले. ते त्या मोहिमेचे पायलट होते. डॉकिंग यंत्रणेने आपोआप केले, पण आकड्यांवर डोळा ठेवणे आणि गरज पडली तर हातात घेणे हे पायलटच्या तयारीत असतेच. राकेश शर्मा आणि शुक्ला दोघेही पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएचे, हे इथे लिहिले नाही तर मराठी पानाचे संपादक रागावतील.

ज्यांना पुढच्या शनिवारी बसायचे आहे त्यांच्यासाठी क्लबने क्रम ठरवला आहे. पहिल्या दोन तासांत फक्त वळवणे : यान तिरके करायचे आणि सगळे निळे आकडे शून्य करून सरळ आणायचे, पुढे अजिबात जायचे नाही. त्यानंतर वरचे २००, १००, ५०, २५ चे टप्पे. २० मीटरवर पूर्ण थांबायचे, जोडीदाराने सगळे आकडे मोठ्याने वाचायचे, आणि एकही आकडा पटला नाही तर मागे यायचे. मागे येण्याचे गुण कापले जात नाहीत. हे ज्यांना सलग तीनदा जमेल त्यांनी शेवटचा प्रकार करून पाहावा : पडद्यावरचे अंतराचे आणि वेगाचे आकडे कागदाने झाकायचे आणि फक्त चित्रावरून वेग ओळखायचा. जोडीदाराने घड्याळ लावून दर ३० सेकंदांनी चालकाचा अंदाज वहीत लिहायचा, मग कागद काढून खरा आकडा शेजारी लिहायचा. आतापर्यंतच्या वहीत बहुतेक सगळ्यांचे लांबचे अंदाज खऱ्या वेगापेक्षा कमी आहेत.

कागदाच्या पट्ट्या मापाने कापून चौथ्या संगणकाच्या खणात ठेवल्या आहेत. चिकटपट्टी मात्र प्रत्येकाने स्वतःची आणावी.